मांगलीची कवटी: नागपूरच्या दक्षिणेला सापडलेला 25 कोटी वर्षांपूर्वीचा उभयचर

मृगाचा_पाऊस (धागाकर्ती)

परवा नागपुरात पहिला दणकून पाऊस झाला. शाळेमागच्या मोकळ्या जागेत डबकं साचलं आणि रात्रीतून पिवळेधमक बेडूक हजर झाले. महिनाभर त्या जमिनीला भेगा पडल्या होत्या, तिथं बोटभर ओल नव्हती. सकाळी सातवीच्या तासाला खिडकीतून डराव-डराव ऐकू येत होतं, शिकवणं अशक्य झालं. म्हणून पुस्तक मिटलं आणि आम्ही सगळे डबक्याकडे गेलो.

तिथं एका मुलीनं विचारलं, "मॅडम, बेडूक आधी आले का डायनोसॉर?"

बाकीच्यांनी एका सुरात सांगितलं, डायनोसॉर.

खरं उत्तर उलटं आहे. मादागास्करमध्ये सापडलेला ट्रायाडोबॅट्रॅकस हा बेडकांच्या घराण्यातला आतापर्यंत माहीत असलेला सर्वांत जुना प्राणी, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला लहानशी शेपटी होती. पाठीत मणके आजच्या बेडकापेक्षा बरेच जास्त होते, त्यामुळे त्याला आजच्यासारखी उडी जमत नसावी. डायनोसॉरची खात्रीची हाडं त्यानंतर जवळपास दोन कोटी वर्षांनी मिळू लागतात. आणि उभयचरांचं मोठं घराणं तर याहूनही कितीतरी जुनं.

मुलांना हे सांगताना मला आपल्याच भागातली गोष्ट आठवली. आपल्या पोरांना ती कोणी सांगत नाही याची मला मनापासून खंत आहे, म्हणून हा धागा.

नागपूरच्या दक्षिणेला साधारण 60 मैलांवर, वर्धेच्या खोऱ्यात, मांगली नावाचं ठिकाण आहे. तिथल्या दगडात एक कवटी सापडली. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी ती लंडनला पाठवली. रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन केलं आणि 1855 साली ते छापून आलं. नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. अर्थ अगदी सरळ, आखूड चेहऱ्याचा आणि रुंद डोक्याचा. 'डायनोसॉर' हा शब्द 1842 मध्ये घडवणारे ओवेन ते हेच.

ही कवटी वरून बघितली तर बसकी आणि पसरट, डोळ्यांची भोकं पुढच्या बाजूला. घराण्याचं नाव टेम्नोस्पॉन्डिल. त्या काळी अशा प्राण्यांना लॅबिरिंथोडॉन्ट म्हणत, म्हणजे चक्रव्यूहदंती. दात आडवा कापून भिंगाखाली धरला की कठीण थराच्या घड्या आत-आत वळत गेलेल्या दिसतात, जिलबीच्या वेढ्यांसारख्या. ओवेन यांच्या लेखाच्या मथळ्यात त्याला 'सरीसृप' म्हटलं आहे, कारण उभयचर आणि सरपटणारे यांची आजची विभागणी तेव्हा पक्की झालेली नव्हती.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एकच बाब. उभयचराचं हाड सापडलं म्हणजे जवळपास गोडं पाणी होतं. अंड्याला कवच नाही, पिल्लं पाण्यात वाढणार. नंतरच्या सरपटणाऱ्या प्राण्यांचं हाड कोरड्या माळावरही मिळू शकतं, पण या प्राण्यांनी तळं, ओढा, नदी यांचा हात सोडला नाही. म्हणून त्या काळचं पाणी कुठं होतं, किती दिवस टिकायचं, कोणत्या प्रदेशातून कोणत्या प्रदेशात जायचं, हे विचारायचं असेल तर यांनाच विचारावं लागतं.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तर स्पष्ट सांगा, मला उद्या हेच वर्गात सांगायचं आहे.

---

वर्धाकाठ

ताई, लय मस्त विषय काढला. हिस्लॉप म्हणजे आपलं सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज, त्यातलेच काय? मी तीन वर्षं त्या रस्त्यानं गेलो, नाव कोणाचं हे कधी विचारलं नाही.

---

मृगाचा_पाऊस

@वर्धाकाठ, हो दादा, तेच. 1845 मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आले. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचं काम, पण हातात कायम हातोडी. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परत येताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. कॉलेज त्यांच्यानंतर, 1883 चं.

त्यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या मलेरीहून (तेव्हा कागदोपत्री 'मलेडी') माशाचे दातही पाठवले होते. 1859 मध्ये ओल्डहॅम यांनी ते सिरॅटोडसचे म्हणून छापले आणि एका जातीला हिस्लॉप यांचं नाव दिलं. सिरॅटोडस म्हणजे फुप्फुसमासा. पाणी आटलं तर हवेवर तग धरणारा. त्याचा जिवंत भाऊबंद ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या नद्यांमध्ये आहे, हे शास्त्रज्ञांना 1870 मध्ये कळलं. म्हणजे आपल्याकडचे दात छापले गेले तेव्हा तसा मासा अजून जगतो आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

---

खाणबाबू

मॅडम, मी कोळशाच्या खाणीत 31 वर्षं काढली, उमरेड आणि चंद्रपूर दोन्हीकडे. दगडाच्या बाजूनं थोडं सांगतो.

आपल्या भागात ड्रिलिंग करताना वरून तांबूस-पिवळा, लोखंडाचा गंज चढल्यासारखा वाळूचा दगड लागतो. त्याला कामठी म्हणतात, नाव आपल्या कामठीवरूनच. त्याच्या खाली गेलं की बराकर नावाचा थर, आणि कोळसा तिथं. कामठीत कामाचा कोळसा मिळत नाही. लहान असताना वाटायचं, काय तो नुसता तांबडा दगड! पुढे एका भूशास्त्रज्ञ साहेबांनी समजावलं तेव्हा अंगावर काटा आला.

कोळसा म्हणजे दलदलीत साचलेलं जंगल. सुमारे 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी पर्मियन काळ संपला. सायबेरियात प्रचंड लाव्हा वाहिला, हवा तापली, समुद्रातले आणि जमिनीवरचे बहुतेक जीव संपले. त्यानंतर जगात कुठंही कोळसा सापडत नाही, जवळपास 1 कोटी वर्षं. दलदलीची जंगलंच नव्हती. मांगलीचे थर त्याच खिंडारातले, पर्मियननंतरच्या ट्रायासिक काळाच्या अगदी सुरुवातीचे मानतात.

तर तुमचा हा रुंद डोक्याचा गडी त्या विनाशानंतरच्या जगात राहायचा. झाडं गेली, मोठे प्राणी गेले, पण नदी-नाल्यात उभयचर होते. नुसते होतेच असं नाही, वाढले. दक्षिण आफ्रिकेच्या करू भागात, ऑस्ट्रेलियात, बंगालच्या पंचेतमध्ये, ट्रायासिकच्या सुरुवातीच्या थरांत त्यांचे कितीतरी प्रकार मिळतात.

---

शंकासूर_पुणे

धागा आवडला. पण मला एक अडचण वाटते. एका कवटीवरून 'इथं पाणी होतं' म्हणायचं, तर ती पुरात वाहून आली असेल तर? मेलेलं जनावर नदी कुठल्या कुठं नेते.

---

खाणबाबू

@शंकासूर_पुणे, वाजवी शंका. नुसत्या हाडावर कोणी निकाल देत नाही. हाड ज्या थरात आहे तो थर वाचायचा. जाड वाळू म्हणजे वाहतं पाणी, बारीक गाळ म्हणजे थांबलेलं. सांगाडा जुळलेला असेल तर फार प्रवास झालेला नाही, हाडं विखुरलेली आणि कडा घासलेल्या असतील तर झाला.

आणि मांगलीत कवटीशिवाय आणखी एक गोष्ट आहे. एस्थेरिया. दोन शिंपल्यांच्या मधे बसलेला इवलासा कवचधारी, कोळंबीच्या कुळातला. 1862 मध्ये जोन्स यांनी त्याला मांगलीचंच नाव दिलं, एस्थेरिया मांगलिएन्सिस. हे जीव वाहत्या नदीत किंवा समुद्रात फारसे नसतात, थांबलेल्या पाण्यात असतात, खास करून पावसाळी डबक्यात. डबकं आटलं की जीव मरतो, अंडी मातीत राहतात आणि पुढच्या पावसाची वाट बघतात. यातले कित्येक तर आठ-पंधरा दिवसांत जन्मून अंडी घालून मोकळे होतात.

---

मृगाचा_पाऊस

बाबूजी, हे मला माहीत नव्हतं. अशी डबकी होती म्हणजे तिथं साचणारं आणि आटणारं पाणी होतं. पाऊस काही महिने, मग कोरड. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यासारखंच काहीसं.

---

जुनाजंगल

एक मुद्दा राहून जातो आहे. उभयचरांची हाडं स्वतःच ऋतू लिहून ठेवतात.

मांडीचं हाड आडवं कापून, पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. चांगल्या दिवसांत हाड भरभर वाढतं, वाईट दिवसांत वाढ थांबते आणि एक रेघ उरते. रेघा मोजल्या की वय कळतं, रेघांमधलं अंतर पाहिलं की कोणतं वर्ष बरं गेलं तेही कळतं. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या मलेरीच्या लाल चिकणमातीतून पँथासॉरस नावाचा मोठा उभयचर मिळतो. पूर्वी त्याला मेटोपोसॉरस म्हणत, 2018 मध्ये नाव बदललं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या मंडळींनी त्या थरांवर वर्षानुवर्षं काम केलंय, हाडांची अशी तपासणीसुद्धा झाली आहे.

त्याचं डोकं पाहिलं तर वरचं हाड पूर्ण खड्ड्याखड्ड्यांचं, मधाच्या पोळ्यासारखं. याशिवाय कवटीवर बारीक चऱ्या असतात. माशाच्या अंगावर पाण्याची हालचाल ओळखणारी जी रेघ असते, तिच्या जागा त्या. मोठ्या प्राण्याच्या कवटीवर या चऱ्या असतील तर तो म्हातारा होईपर्यंत पाण्यातच राहिला, जमिनीवर फक्त नाइलाजानं आला.

मेटोपोसॉरांच्या जगातल्या काही जागा तर मन विषण्ण करतात. न्यू मेक्सिकोत लेमी आणि पोर्तुगालमध्ये अल्गार्व इथं शेकडो हाडं एकावर एक सापडली आहेत. आटत्या तळ्यात सगळे एका खोलगट जागी गोळा झाले आणि शेवटचं पाणीही गेलं, असं काही अभ्यासक मानतात. आमच्या गावच्या तलावात मे महिन्यात मासे असेच एका कोपऱ्यात अडकतात.

---

मृगाचा_पाऊस

@जुनाजंगल, मुलांना हीच गोष्ट सांगणार. पाणी आटतं तेव्हा कुठं जायचं, या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं नाही. पर्मियन काळातले लायसोरोफियन नावाचे सापासारखे लांबट प्राणी अमेरिकेत कॅन्सास आणि ओक्लाहोमाकडे बिळात वेटोळं घातलेले सापडले आहेत. चिखलात बीळ करून झोपी गेले, पाऊस आला नाही, तिथंच दगड झाले. आमच्या शाळेमागचा पिवळा बेडूक जमिनीखाली नेमका असाच झोपलेला असतो.

---

शंकासूर_पुणे

माझी खरी शंका वेगळीच होती, आता विचारतो. भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका हे भूखंड पूर्वी एकत्र होते याचा पुरावा म्हणून उभयचर दाखवतात. पण ते पोहूच शकले नसते, हे कशावरून?

---

जुनाजंगल

@शंकासूर_पुणे, प्रश्न चांगला आहे. उभयचराच्या कातडीतून पाणी आत-बाहेर जातं, खारं पाणी त्याला शोषून टाकतं. काही अपवाद आहेत, आग्नेय आशियातला एक बेडूक खाडीच्या पाण्यात राहतो. आणि जुन्या काळातला मोठा अपवाद म्हणजे ट्रेमॅटोसॉर. ट्रायासिकमधला लांब थोबाडाचा उभयचर, त्याची हाडं स्पिट्सबर्गनच्या समुद्री खडकात मिळतात. त्यामुळे 'उभयचर कधीच समुद्र ओलांडत नाही' असं ठोकून देता येत नाही. वर्गात तसं सांगू नका, मृगताई.

म्हणूनच पुरावा एका प्राण्यावर उभा नाही. डिसेंबर 1967 मध्ये पीटर बॅरेट या न्यूझीलंडच्या भूशास्त्रज्ञाला अंटार्क्टिकात ग्रॅफाइट पीक इथं जबड्याचा लहानसा तुकडा मिळाला. तो लॅबिरिंथोडॉन्टचा निघाला. अंटार्क्टिकात मिळालेलं ते जमिनीवरच्या चतुष्पादाचं पहिलं हाड. बर्फाच्या खंडात! दोन वर्षांत तिथं लिस्ट्रोसॉरसही मिळाला, तोच जो दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्या पंचेतमध्ये आहे. चार पायांचा, डुकराएवढा, पोहून महासागर पार करण्यातला नव्हे.

---

खाणबाबू

त्यात माझी पानं जोडतो. कामठीच्या दगडात, सिलेवाडा भागातल्या खाणींत, ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाची पानं मिळतात. जिभेसारखं लांबट पान, मधे ठळक शीर, दोन्ही बाजूला शिरांची जाळी. मी एक पट्टी छिन्नीनं उघडली होती. दोन हलके ठोके, आणि दगड पुस्तकासारखा दोन भागांत उघडला. दोन्हीकडे एकच पान, एकाचा ठसा दुसऱ्यात. शिरा बोटाला जाणवत होत्या.

हीच पानं 1912 मध्ये कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीकडे होती. दक्षिण ध्रुवावरून परतताना त्यांनी बीअर्डमोर हिमनदीजवळ दगड गोळा केले, 35 पौंड, आणि उपासमारीतही टाकले नाहीत. त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा ते दगड सोबत होते.

आणि त्या जुन्या एकत्र भूखंडाचं गोंडवन हे नाव कुठलं, तर आपलं. हेन्री मेडलिकॉट यांनी 1872 मध्ये मध्य भारतातल्या या दगडांसाठी ते वापरलं, मग एडवर्ड स्यूस यांनी साऱ्या दक्षिण भूखंडाला तेच दिलं. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता. अंटार्क्टिकाच्या नकाशावर चर्चा करताना शास्त्रज्ञ गोंडांचं नाव घेतात, हे आमच्या पोरांना कळायला हवं.

---

वरळीची_लाट

मुंबईहून. विदर्भाला एवढं आहे तर आमचंही ऐका. वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे सांगाडे मिळाले आहेत, तेही पूर्ण. ओवेन यांनीच 1847 मध्ये नाव दिलं, राना पुसिला, म्हणजे चिमुकला बेडूक. नंतर तो वेगळा ठरला आणि इंडोबॅट्रॅकस झाला.

मला यातलं आवडतं ते असं. दख्खनचा लाव्हा म्हटलं की आपण सगळं जळून गेल्याचं चित्र काढतो. पण दोन उद्रेकांमध्ये इतका निवांत काळ जायचा की तळी साचायची, गवत उगवायचं, बेडूक अंडी घालायचे. बेडकांना तिथं घर करायला फुरसत मिळाली, एवढं ते सांगाडे सांगतात.

---

वर्धाकाठ

हे वाचून एक जुनी गोष्ट आठवली, मन दुखतं म्हणून सांगतो. आमच्या शेतात विहीर खोदताना असाच पानाचा दगड निघाला होता. वडिलांनी तो गावाजवळच्या एका संस्थेला दिला, पोरांनी पाहावा म्हणून. त्यांनी तो स्वच्छ दिसावा म्हणून तारेच्या ब्रशनं घासला, वरून वॉर्निश मारलं आणि भिंतीत सिमेंटनं बसवला. शिरा गेल्या. वडिलांनी चिठ्ठीत लिहून दिलं होतं, कोणतं शेत, किती फुटांवर, तीही कुठं गेली कोणाला माहीत नाही. आता तो दगड कोणत्या थरातला हे कोणीच सांगू शकत नाही.

दगड मिळाला तर घासू नका बाप्पा. आधी जागेवर असतानाच फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवून. खोली लिहा. मग कागदात गुंडाळा. आणि सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथं नाहीतर विद्यापीठात दाखवा.

---

खाणबाबू

शंभर टक्के. माझ्या 31 वर्षांत अशी किती पानं भट्टीत गेली असतील, मोजदाद नाही. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

---

शंकासूर_पुणे

एक शेवटचं. मग आजचा बेडूक ब्रॅकिऑप्सचा वंशज का?

---

जुनाजंगल

थेट वंशज नाही. टेम्नोस्पॉन्डिल हे मोठं घराणं, ब्रॅकिऑप्स त्यातल्या एका फांदीवर. आजचे बेडूक त्याच घराण्याच्या दुसऱ्या, लहान अंगाच्या फांदीतून आले असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मोठ्या टेम्नोस्पॉन्डिलांपैकी उशिरापर्यंत टिकलेला म्हणजे ऑस्ट्रेलियातला कूलासुकस, सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वीचा. तो तेव्हाच्या ध्रुवाजवळच्या थंड दऱ्यांत राहायचा, जिथं मगरींना थंडी झेपत नव्हती. मगरींनी बाकीची पाणथळ जागा घेतली, त्याला ती एक उरली.

भूखंडांचं जुनं नातं आजच्या जिवंत बेडकातही सापडतं. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा, नाकाड्या, जांभळट नासिकाबॅट्रॅकस 2003 मध्ये विज्ञानाला कळला. त्याचे जवळचे नातेवाईक भारतात नाहीत, सेशेल्स बेटांवर आहेत.

---

मृगाचा_पाऊस

सगळ्यांचे आभार. आज वर्गात सांगून झालं. @जुनाजंगल, 'उभयचर समुद्र ओलांडतच नाही' हे वाक्य खोडलं, ट्रेमॅटोसॉर घातला.

फळ्यावर कवटी काढली तर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ही भाकरी दिसते." चपटेपणा त्यांना पटकन समजला. मग बाबूजींचा एस्थेरिया सांगितला आणि सगळे पुन्हा डबक्याकडे धावले. पांढऱ्या ताटलीत चहाच्या गाळणीनं पाणी काढलं. पहिल्या तीन वेळा नुसता चिखल आणि डासांच्या अळ्या. चौथ्या वेळी डाळीच्या दाण्याएवढं काहीतरी पोहताना दिसलं. भिंगाखाली धरलं तर दोन पारदर्शक झडपा, आणि आत पाय थरथरत होते.

जात नेमकी कोणती ते मला सांगता येत नाही, फोटो खाली टाकते. बाबूजी, बघून सांगाल? ज्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला होता, तिनं वहीत तारीख, डबक्याची जागा आणि पाण्याची खोली लिहून ठेवली आहे: 14 सेंटिमीटर. उद्या पुन्हा मोजणार आहे.